परदेशातील मत्स्याहार आणि पथ्य
‘रेड लॉब्स्टर’ ही उपाहारगृहांची साखळी 1968 साली फ्लॉरिडातील लेकलँड येथे सुरू झाली. तेथे दाराशी काचेच्या टाकीत जिवंत लॉब्स्टर असतात. आपल्या शेवंडीला नसलेल्या त्या थोर नांग्या पाहून नातवंडांसह आजी-आजोबाही थबकतात. काटे काढत बांगडा खाणाऱ्या पिढीला सॅल्मनची बिनकाट्याची तुकडी नवलाची वाटते. कवळीलाही ती सोसते. जपावे ते मिठाला. आरंभी येणारी ‘बिस्किटे’ म्हणजे चीज-लसणाचे ऊन, मऊ पाव. रक्तदाब असल्यास एकच पुरे. मासा तळलेला न घेता भाजलेला मागावा, लोणी वेगळे द्यावयास सांगावे. कोळंबीचे वावडे आधीच कळवावे. अन्न टाकवत नाही म्हणून मोठे ताट संपवू नये. उरलेले डब्यात बांधून मिळते, ते दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे.