दोन इंच दोरा

परवा एक भाची माहेरच्या माळ्यावरचं शिवणाचं मशीन घेऊन आली. "मामा, पार गंजलंय, पण आजीचं आहे हो!" सध्या ते आमच्या गॅलरीत रॉकेल पिऊन पडलंय. हिच्या मते आता गॅलरीत कपडे वाळत घालायलाही जागा उरलेली नाही. निवृत्त मास्तरला हा नाद कुठून लागला, असं बरेच जण विचारतात. आज सांगूनच टाकतो.

आईचं मशीन सिंगरचं. १९५८ साली वडिलांनी जुनंच घेतलं होतं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं पायमशीन. त्याच्या पट्टीवरचा नंबर 'वाय' अक्षराने सुरू होतो, म्हणजे ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, हे मला फार उशिरा कळलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव आजही 'सिंगर'च आहे. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की शेजारणींची पोलकी आणि झबली शिवली की आमच्या वह्यापुस्तकांचे पैसे निघतात. माझ्या बी.ए.च्या फीमधले निम्मे पैसे तरी त्या मशीनचे.

२००१ साली एका दुपारी मशीन अडलं. चाक पुढेही जाईना आणि मागेही जाईना. आई म्हणाली, "अरे, दोरा अडकला असेल आत. बघ जरा."

मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. पाहिलं नाही. दोन दिवसांनी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच नजर टाकली आणि सांगितलं, "फार जुनं झालंय, पार्ट मिळायचे नाहीत." मला ते पटलं, कारण सोयीचं होतं. पुढच्या पगाराला मी तिच्यासाठी विजेचं नवं मशीन आणलं, आणि त्याचा अभिमानही बाळगला!

आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. नव्या मशीनवर ती दोन-तीनदा बसली. "हे आपलं आपणच पळतं रे," म्हणाली. पुन्हा बसली नाही. जुन्यावर टेलिफोन आणि औषधांचा डबा आला. २००४ मध्ये आई गेली.

निवृत्तीनंतर, २०१० च्या उन्हाळ्यात, भाऊ म्हणाला की ते भंगारात देऊ. देण्याआधी एकदा उघडून पाहावं, असं मला का वाटलं कोण जाणे. पाट काढली, डबी काढली. शटलच्या खाचेत रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी चाक हलकेच मागेपुढे झुलवलं, शटल धरून ठेवणारी कडी सोडवली आणि चिमट्याने ओढलं. जेमतेम दोन इंच दोरा निघाला. निळा, तेलाने काळवंडलेला.

चाक गरकन फिरलं.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. एकही पार्ट लागला नव्हता. शिवाय आपल्याकडची साधी काळी देशी मशीनं बहुतेक त्याच ठेवणीची असल्याने डबी, बॉबिन, शटल आजही सहज मिळतं.

नंतर कारणही कळलं. पहिली टीप घालताना वरच्या आणि खालच्या दोऱ्याची टोकं मागे धरून ठेवावी लागतात. नाही तर वरचा दोरा शटलबरोबर आत खेचला जातो आणि खाचेत अडकतो. लहानपणी आईच मला दटावायची, "दोन्ही टोकं धर." त्या वर्षी तिचीच बोटं थरथरू लागली असणार. तिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

छत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, "आधी प्रश्न नीट वाचा." असो.

तेव्हापासून नऊ मशीनं चालू केली. काही धडे पदरात पडले. सुकलेल्या तेलाचा चिकटा रॉकेलने सुटतो, पण मग प्रत्येक छिद्रात मशीनचंच तेल घालावं, खोबरेल नको. ते थंडीत थिजतं. वेलबुट्टीवर स्पिरिट कधीही लावू नये. जुन्या मशीनवर वर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो. दुसऱ्या मशीनचं अर्धं सोनं मी असंच पुसून टाकलं. आईच्या मशीनवर, तिचा उजवा हात जिथे टेकायचा तिथलंही सोनं उडालंय. ते मात्र कापड घासून घासून गेलेलं आहे. रंग देऊन देतो म्हणणारे भेटले, मी दिला नाही.

एक सवय मात्र लागली. कुणी मशीन आणलं की स्क्रू ड्रायव्हरला हात घालायच्या आधी विचारतो, "हे चालवायचं कोण? त्या काय म्हणत होत्या?" ती बाई हयात असेल तर फोनच लावायला सांगतो. दहातल्या सात वेळा दुखणं तिनेच आधी ओळखलेलं असतं.

भाचीच्या आजीला आता विचारता येणार नाही. पण तिच्या आईला आठवलं, "पट्टा घसरायचा, म्हणून ती त्यावर खडू घासायची." आज संध्याकाळी नवा चामडी पट्टा आणायला जातोय.

आणि नातलग मंडळी, तुमच्याही माळ्यावर एखादं असेल, तर भंगारवाल्याच्या आधी मला फोन करा. हिला मी समजावतो!