व्याकरण शिकवता शिकवता

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते साडेआठ मी इंग्रजी व्याकरणाचा वर्ग घेते. दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी मास्तरीण! पदवी म्हणाल तर बी. कॉम.ची. जमाखर्च शिकले, इंग्रजी साहित्याचा आणि माझा काही संबंध आला नाही. तरी वर्ग चालतो, मुले येतात. परंतु आज वर्गाचे कौतुक सांगायला लिहीत नाही. त्या वर्गात माझ्या हातून एक चूक घडली, ती समाजबांधवांपुढे कबूल करावी म्हणून लिहिते आहे.

इंग्रजी माझ्या घरात कसे आले, ते आधी सांगते. माझे वडील एका खात्यात खलाशी होते. मराठीत सही करीत, वर्तमानपत्र वाचीत, पण इंग्रजी येत नव्हते. मी सातवीत असताना त्यांच्या हाती खात्याचे एक इंग्रजी पत्र पडले. ते घेऊन ते एका ओळखीच्या बाबूकडे गेले. बाबूने वरवर पाहिले आणि 'काही नाही, नेहमीचेच आहे' म्हणून परत दिले. ते पत्र म्हणजे खुलासा मागणारी नोटीस होती. मुदतीत उत्तर गेले नाही आणि वडिलांची एक वेतनवाढ थांबली.

वडील बाबूशी भांडले नाहीत. पुढच्या रविवारी रद्दीच्या दुकानातून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एक फाटका भाग घेऊन आले. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बेटा, यापुढं माह्या घरातला कागद परक्याच्या दारात न्यायची पाळी येऊ देऊ नको."

पुढे वाचनात आले की, बाबासाहेबांच्या घरीही सुभेदार रामजींनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि हीच तर्खडकरांची पाठमाला मुलाकडून घोटून घेतली होती. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते दार बंद झाले आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पण १९०७ साली मॅट्रिक झालेला आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा विद्यार्थी पुढे पाली भाषेचा कोश आणि व्याकरण तयार करायला बसला. ते काम आज त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आहे. ज्याला एका भाषेच्या व्याकरणापासून दूर ठेवले, त्याने दुसऱ्या भाषेचे व्याकरण आपल्या लोकांसाठी लिहायला घेतले. केवढी मोठी गोष्ट!

तर, माझे शिक्षण असे झाले. मी मोठ्याने वाक्ये म्हणायची आणि वडिलांनी शेजारी बसून ऐकायचे. त्यांना अर्थ कळत नसे, पण मी कुठे अडखळले ते बरोबर कळे. "पुन्हा म्हण," एवढेच ते म्हणत.

वर्ग सुरू केला तेव्हा वाटले होते, आपण शिकलो तसे शिकवू. पण शिकवायला लागल्यावरच व्याकरण खरे समजू लागले. आपली वाक्यरचना कर्ता, कर्म, क्रियापद अशी. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते. 'मला भूक लागली' या वाक्यात मराठीला भूक ही येणारी वस्तू वाटते. इंग्रजीत मात्र 'मी भुकेला आहे' असे म्हणावे लागते. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, म्हणून आपली मुले ते गाळतात, नाही तर नको तिथे टाकतात.

एकदा 'तू', 'तुम्ही' आणि 'यू' शिकवीत होते. एका मुलाने विचारले, "ताई, साहेबाला पण 'यू' आणि शिपायाला पण 'यू'च?" मी म्हटले, "हो. क्रियापदही तेच." मुले हसली, पण मला माझी आजी आठवली. आजी साठीला आली होती, तरी गावातले दहा वर्षांचे पोर तिला 'ए' म्हणून हाक मारी आणि आजी त्याला 'बाप्पा' म्हणे. एका सर्वनामात केवढी जात भरलेली असते! त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होते. समतेचे व्याकरण शिकवून आले, असे मनाशी म्हणत होते. आणि नंतर काही दिवसांतच ती चूक झाली.

वर्गात एक मुलगी येत असे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. दहावी-बारावी मराठीतून आणि आता पुस्तके सगळी इंग्रजी. तिने रुग्णाच्या नोंदीचा सराव करून आणला होता. त्यात लिहिले होते, 'पेशंट इज हॅविंग फीव्हर सिन्स टू डेज.' पानावर आणखी दहा-बारा चुका होत्या. मी लाल शाईने पान रंगवले आणि ते वाक्य मोठ्याने वाचून म्हटले, "अशी नर्स भेटली तर पेशंटचा ताप आणखी वाढेल!" वर्ग खदखदा हसला. मीही हसले. ती हसली नाही. वही बंद करून खाली बघत बसली.

पुढच्या तीन वर्गांना ती आली नाही. आजारी असेल म्हणून मी तिच्या घरी गेले. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच म्हणाली, "ताई, कॉलेजात हसतात त्याचं तिला आता काही वाटत नाही. पण विहारात हसले म्हणते." मुलगी आतून बाहेर आली नाही.

पाणी माझ्या घशाखाली उतरेना. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा पत्राचा मसुदा साहेबांनी सगळ्या विभागाला वाचून दाखवला होता. त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडता घरी परत आणला होता. ते साहेब मी आजवर विसरले नाही. आणि आज मीच एका पोरीसाठी तशी साहेब झाले!

आपण वंदना घेतो, अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा पाठ म्हणतो. कठोर बोलणे टाळावे, हे लहान मुलालाही सांगतो. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन गेले. नाना कुळांतले भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीत म्हणून बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधावे, असे त्यांचे म्हणणे होते. तथागतांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. शुद्धतेच्या नावाखाली माणसाला दूर लोटू नये, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झाले आहे. तरी मी लाल पेन घेऊन त्या दोन भिक्खूंच्या पंक्तीला जाऊन बसले.

त्या रात्री मी ते वाक्य पुन्हा वाचले. आता मास्तरीण म्हणून नाही, मराठी माणूस म्हणून. 'पेशंटला दोन दिवसांपासून ताप आहे.' आपण 'पासून' म्हणतो, म्हणून तिने 'सिन्स' लिहिले. ताप अजून आहे, म्हणून आपण 'आहे' म्हणतो, आणि तिने वर्तमानकाळ लिहिला. तिने मराठीचा नियम तंतोतंत पाळला होता! इंग्रजीत मात्र मुदत सांगायची तर 'फॉर' लागते आणि सुरुवातीचा क्षण सांगायचा तरच 'सिन्स'. 'फॉर टू डेज', पण 'सिन्स मंडे'. आणि मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीला 'हॅज' घालून पूर्ण वर्तमानकाळ. 'पेशंट हॅज हॅड फीव्हर फॉर टू डेज.' एवढे समजावायला मला पाच मिनिटे पुरली असती. मी ती पाच मिनिटे हसण्यात घालवली.

पुढच्या मंगळवारी मी फळ्यावर पहिल्यांदा माझे स्वतःचे वाक्य लिहिले. साहेबांनी वाचून दाखवलेले, चुकीचे. मुलांना सांगितले, "ही चूक माझी आहे. आणि गेल्या वेळी मी एका मुलीला हसले, ती त्याहून मोठी चूक." वर्ग गप्प झाला. मग ते तापाचे वाक्य मराठीतून इंग्रजीत कसे गेले, ते सगळ्यांनी मिळून शोधले. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या वहीत तसलेच 'सिन्स' निघाले. हसणारे तेच होते!

निरोप तिच्यापर्यंत पोहोचला असावा. शुक्रवारी ती आली आणि सगळ्यात मागे बसली. मी काही बोलले नाही, फक्त हात जोडले. महिनाभराने ती दुसऱ्या ओळीत आली.

आता माझ्या वर्गात लाल पेन नाही. चुकीच्या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ ओढते आणि विचारते, "हे तुझ्या मनात मराठीत कसं होतं?" मूल सांगते आणि बहुधा त्याला स्वतःलाच चूक दिसते. शिकवणाऱ्या बंधू-भगिनींनी हे करून पाहावे.

आपल्यातली शिकलेली माणसे आज बरीच आहेत. कचेरीत, बँकेत, शाळेत आहेत. इंग्रजी येणारे आणि न येणारे अशी नवी उतरंड आपल्याच घरात उभी राहू लागली आहे, ती आपण ओळखली पाहिजे. बापाच्या कागदासाठी मी इंग्रजी शिकले. तो कागद वाचता येतो म्हणून दुसऱ्याच्या लेकीला हसायचा हक्क मला कुणी दिला?

वडील आता नाहीत. पण कुणी वाक्यात अडखळले की त्यांचा आवाज कानात येतो. ते कधी हसले नाहीत. "पुन्हा म्हण," एवढेच म्हणत.

जय भीम!