दोन्ही बाजूंची लाइन

चि. मनूस,


परवा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ‘नेटचा शंभर एमबीपीएसचा प्लॅन काढून तीनशेचा घेऊ का’, एवढंच विचारलं असतंस तर दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले असते. पण पुढं तू म्हणालीस, ‘आईच्या खोलीत नेट अडकतं, पण तिला काय करायचंय? तिला टीव्ही पुरतो.’ मनू, हे तू अक्काबद्दल बोललीस! तुझ्या हॉस्टेलवर फोन लावायला दर रविवारी उन्हातान्हात पीसीओपुढं उभी राहायची, ती अक्का. तुझा आवाज ऐकून परतताना तिचा चेहरा कसा असायचा ते मी पाहिलंय, तू नाही.

प्लॅन बदलू नकोस. आधी घर बघ.

गणपतीत आले होते तेव्हा तो वायफायचा पांढरा डबा पाहिला होता. टीव्हीच्या मागं, खालच्या कप्प्यात कोंबलेला. पुढं स्टीलची फुलदाणी, शेजारी जावईबापूंची माशांची टाकी. अगं, वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि धातूवर आपटून परततात. तुम्ही दोन्ही नेमक्या डब्याच्या तोंडासमोर मांडल्यात. तिथून अक्काच्या खोलीपर्यंत मध्ये स्वयंपाकघर, बाथरूमची भिंत आणि दारामागचं लोखंडी कपाट. काय पोचणार तिच्यापर्यंत?

ट्रंक एक्स्चेंजला मी चोवीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले. ‘मला ऐकू येतंय, पण माझं पलीकडं जात नाहीये’, ही तक्रार किती वेळा ऐकली त्याला गणती नाही. लाइन लागली असं आम्ही कधी म्हणायचो? दोन्हीकडून ‘हॅलो’ आलं की. एकाच बाजूनं आलं तर ती लाइन लागलेली नाही, मग तीन मिनिटांचं मीटर सुरूच करायचं नाही. तुझ्या घरात तेच झालंय. अक्काच्या मोबाइलवर रेंजच्या दांड्या दिसतात, कारण डबा मोठ्यानं बोलतो आणि मोबाइल ते ऐकतो. पण मोबाइलचा स्वतःचा आवाज बारीक, तो दोन भिंती ओलांडून परत डब्यापर्यंत धड जात नाही. म्हणून रविवारी व्हिडिओ कॉलवर अक्काला मी दिसते आणि मला अक्का दिसत नाही. दिसतो तो थिजलेला अर्धा चेहरा, एक डोळा मिटलेला. पाच-पाच मिनिटं मी त्या मिटलेल्या डोळ्याशी बोलत बसते. मला असं अर्धवट ऐकू आलेलं सहन होत नाही, तुला ठाऊक आहे.

व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर चांगल्यात चांगलं चित्र बघायलाही पंचवीसच्या वर लागत नाहीत. शंभरात तुमचं चौघांचं सगळं भागून उरतं. हो, आणि शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर एमबी नव्हेत, त्याला आठानं भागायचं, साडेबारा येतात. तुझा लेक ‘कंपनी फसवते’ म्हणत होता, त्याला हे सांग. खात्री करायची तर लॅपटॉप वायरनं डब्याला जोडा आणि स्पीड मोजा. नव्वदच्या पुढं आला तर कंपनीनं तिचं काम केलंय, पुढचं आपलं आहे. आणि डब्याची पोर्टंच शंभरची असली तर तीनशे घेऊनही वायरीतून शंभरच्या वर काही येणार नाही.

डबा तिथून काढ. पॅसेजमध्ये, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेव, उंचावर आणि उघड्यावर. तिथून सगळी दारं दिसतात. फायबरची ती पिवळी वायर लांब करायची तर माणूस बोलाव, स्वतः ओढू नकोस आणि कोपऱ्यात मुडपू नकोस. आत केसाएवढी काच असते आणि बारीक मुडपलं की उजेड तिथंच गळतो. टीव्हीला लॅनची वायर दे. टीव्ही काही उठून फिरत नाही, त्यानं हवेतली जागा कशाला अडवायची? अक्काचा मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर जोड, ती लहर भिंतींतून जास्त लांब जाते. पाच गिगाहर्ट्झ तुम्ही हॉलमध्ये वापरा, वेग तिथं आहे. डबा इन्व्हर्टरवरही घे. एक्स्चेंजपासून घरापर्यंत फायबरला मध्ये सहसा कुठं वीज लागत नाही, म्हणजे सोसायटीची लाइट गेली तरी नेट चालू राहू शकतं. रात्री-अपरात्री अक्काला काही झालं तर?

आता मला खरं बोलायचंय ते. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस आले की त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. तांब्याच्या तारेवरचं ते नेट मुळातच असमान होतं: येणाऱ्याला हमरस्ता, जाणाऱ्याला पायवाट. फायबरनं हे बदललं. बहुतेक प्लॅनमध्ये आता जायचा वेग यायच्या वेगाइतकाच असतो. इतक्या वर्षांनी घरगुती लाइन पुन्हा दोन्ही बाजूंची झाली, आणि तुम्ही आपापली दारं लावून नुसतं ओढताय. मालिका ओढा, गेम ओढा. तुमच्या घरातून बाहेर काय जातं, मनू? कामाच्या फायली सोडून सांग.

अक्काला जात्यावरच्या किती ओव्या येतात? आईच्या, आजीच्या. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ आज घरबसल्या वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. डबा हलवलास की पहिल्यांदा अक्काला त्या ऐकव. उजव्या बाजूला बस, डाव्या कानानं तिला आता कमी येतं. दोन ओव्या झाल्या की ती आपणहून तिसरी म्हणेल, मी सांगते तुला. तेव्हा तुझा मोबाइल तिच्यासमोर धर आणि रेकॉर्ड कर. मला पाठव, अमेरिकेत दादाच्या मुलींना पाठव, जिथं जपून राहील तिथं ठेव. लेकाला शेजारी बसव. गणपतीत त्यानं मला ‘मावशीआजी, उखळ म्हणजे काय’ असं विचारलं, ते मला अजून लागून राहिलंय. मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो, मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठानं खुला ठेवलाय, आणि त्या पोराच्या हातात दिवसभर काय असतं?

पण लिहिता लिहिता पोटात गोळा येतोय. लाइन अक्काच्या खोलीपर्यंत गेली की तिच्यापर्यंत नको ती माणसंही पोचणार. पोलिसाचा ड्रेस घालून व्हिडिओ कॉल करतात, ‘तुम्हाला अटक झालीय, कुणाला सांगू नका, पैसे पाठवा’ म्हणतात. फोनवरून कुणाला अटक होत नसते, हे तिला एकदा नाही, दहादा सांग. काही घडलंच तर १९३० ला लगेच फोन करायचा, हे तिच्या पलंगाजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लाव. डब्याचा कंपनीनं दिलेला पासवर्ड आजच्या आज बदल. लेकानं तो अख्ख्या बिल्डिंगला वाटलाय म्हणे. आणि तिच्या हातात मोबाइल देऊन आपल्या खोलीत निघून जाऊ नकोस गं. तिचं ‘मला सगळं जमतं’ आपण दोघी ओळखून आहोत. पेन्शनचा कागद तिनं कसा लपवला होता, आठवतंय ना?

माझं रागावणं मनात धरू नकोस. जावईबापूंना टाकीबद्दल तूच सांग, मी बोलले तर त्यांना वाईट वाटेल.

रविवारी अकराला कॉल करते. अक्काला हॉलमध्ये आणू नकोस, तिच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून बसव. मला तिचे दोन्ही डोळे दिसले पाहिजेत.

तुझी,
मावशी