दारापासून बाजारापर्यंत

जळगावहून भुसावळकडे निघाले, की सुमारे १० किलोमीटरवर नशिराबाद लागते. सुरतेहून कोलकात्यास जाणारा महामार्ग या गावाला लागूनच जातो. त्यावरची मालमोटारींची रांग रात्रंदिवस तुटत नाही. आतल्या गल्ल्यांचे जग मात्र निराळे. तेथे ओट्यावर एखादी आजी दादर ज्वारी निवडीत बसलेली असते आणि तिचे अर्धे लक्ष लगोरी खेळणाऱ्या मुलांकडे असते. तिला कोणी पहारेकरी म्हणत नाही. पण त्या नजरेइतका भरवशाचा पहारा क्वचितच सापडेल.

अशा गल्लीत अंतर पावलांनी मोजले जाते. "जा गं, मेथीची जुडी घेऊन ये," असे आईने म्हणावे आणि मुलीने पिशवी उचलून धूम ठोकावी. भाजी ताजी येते, पायही मोकळे होतात. तीच भाजी महामार्गापलीकडे मिळत असली, तर तीच आई म्हणते, "राहू दे, बाबा आले म्हणजे आणतील." पन्नास पावलांची वाट मग कोसभर लांब होते. अंतर आता भीती मोजते. मेथी राहून जाते आणि अलीकडच्या टपरीवर लोंबणारे तळलेल्या खाऊचे पाकीट भुकेल्या हातात येते. जळगावच्या केळ्याला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मातीतल्या मुलाने पाकिटावर भूक भागवावी, यात दोष काही केवळ त्याच्या जिभेचा नव्हे!

त्यात खानदेशचे ऊन! उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. निंबाची सावली असेल, तर मूल शाळेतून चालत येते. झाडे गेली, की त्याला रिक्षात बसवावे लागते. वाढत्या वयाच्या मुलांनी रोज निदान ६० मिनिटे अंग मोडून हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण वाटच बंद झाली, तर तो तास आणावा कोठून?

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत ४०० हून अधिक मुले दगावली. आईबाप संतापून रस्त्यावर उतरले. पुढे वस्त्यांतून मोटारींचा वेग आवरला गेला, सायकलींना वेगळ्या वाटा मिळाल्या. आज तेथील मुले सायकलीने शाळेत जातात. मुले निराळी झाली नाहीत. रस्ते निराळे झाले.

नशिराबादेत दिवेलागण होते. महामार्गावर भोंगे वाजत असतात. गल्लीत मात्र मेथीची पाने सांडीत ती मुलगी धावत येते. आजी डोळ्यांवर हात धरून पाहते आणि सूप बाजूला ठेवून तिला ओट्यावर जागा करून देते.