भिंतीतली जुनी कोॲक्स

सोलापूरच्या सात रस्ता परिसरातल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये फायबर दारापर्यंत येते आणि हॉलमधल्या राउटरपाशी थांबते. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही. भिंतीत केबल टीव्हीची कोॲक्स मात्र आधीपासून असते, आणि दोन्ही टोकांना अडॅप्टर लावून तिच्यावरूनच इंटरनेट तिथे नेता येते. डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 31 मार्च 2013च्या मुदतीने, शहरात सेट टॉप बॉक्स आले तेव्हाही बहुतेक घरांत तीच वायर कामी आली.

आरजी-6 आणि आरजी-59 या दोन्ही कोॲक्स 75 ओहमच्या. पहिलीचा कोर सुमारे 1 मिलिमीटर, दुसरीचा 0.8. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या थ्री प्लस वन केबलमधली कोॲक्स आणखी बारीक. गच्चीवरच्या उन्हाने वायरीवरची छपाई उडालेली असली, की टोक सोलून मोजावे लागते. मुरलेला कारागीर मात्र वायर चिमटीत फिरवून जाडी सांगतो; गिऱ्हाईक बघत असेल तर कॅलिपर मुद्दाम खिशातच राहतो.

कोरला लोहचुंबक चिकटले, की नवी पोरे वायर हलकी ठरवून उपटतात. कोर पोलादाचा आणि वर तांब्याचा मुलामा, एवढाच त्याचा अर्थ. 1000 मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तांब्याच्या वरच्या दोनेक मायक्रॉनांतच वाहतो, आतल्या पोलादाशी त्याला कर्तव्य नसते. खरी हलकी वायर ओळखावी ती कोरभोवतीच्या विरळ जाळीवरून.

पण वायर ओळखली तरी तिच्या वाटेत काय आहे ते कळत नाही, आणि काम अडते ते इथेच. दोन्ही टोके मोकळी ठेवून कोर आणि जाळीमध्ये मीटरने काही ओहम दाखवले, तर वाटेत स्प्लिटर किंवा जुनी पेटी लटकलेली असण्याची शक्यता मोठी. त्याहून वाईट म्हणजे पिळून टेप गुंडाळलेला जोड. दूरचे टोक शॉर्ट केले, की मीटर त्या वायरीला सलग म्हणतो. उच्च वारंवारितेचा सिग्नल मात्र तिथे आदळून मागे फिरतो. मीटर निर्दोष ठरवतो आणि अडॅप्टरचा दिवा काही लागत नाही. मग स्विचबोर्डामागे, माळ्यावर, फॉल्स सीलिंगमध्ये एकेक तुकडा वेगळा करून तपासणे, एवढाच उपाय उरतो. प्लास्टरखाली जोड गाडणाऱ्याला या धंद्यात क्षमा नाही.

सलग निघालेल्या वायरीच्या दोन्ही टोकांना एफ कनेक्टर आणि मोका, म्हणजे कोॲक्सवरून नेटवर्क चालवणारे, अडॅप्टर लावतात. मोका 2.5चा वेग 2.5 गिगाबिटपर्यंत, वारंवारितेचा पट्टा साधारण 1125 ते 1675 मेगाहर्ट्झ. केबल टीव्ही त्याच्या खाली चालतो, पण डिशची वायर 950 ते 2150 वापरते. म्हणून एका वायरीवर डिश आणि मोका नांदत नाहीत. वाटेतला 1000 मेगाहर्ट्झपर्यंतचा स्प्लिटरही काढावा लागतो, आणि इमारतीकडे जाणारे टोक तोडावे किंवा तिथे फिल्टर बसवावा, नाहीतर घरातला सिग्नल शेजाऱ्याकडे जातो.

हे अडॅप्टर दुकानात सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात, आणि स्वस्तही नसतात. पाइप मोकळा असेल तर जुन्या कोॲक्सलाच कॅट-6 बांधून ओढून घेणे परवडते. प्लास्टरमध्ये गाडलेली वायर हलत नाही, तिथे मात्र मोकाच.