वेळापत्रकाचे पाठभेद

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजला गणित शिकले होते, हे एम.ए.च्या वर्गात सांगितले की विद्यार्थी चमकून पाहतात. कोणता पाठ कोणत्या पोथीतून घेतला, कोणता वगळला, हे या आवृत्तीत अशा रीतीने नोंदवलेले आहे की पुढच्या अभ्यासकाला तीच वाट पुन्हा चालता यावी. संपादकाशी मतभेदाची सोय संपादकानेच करून ठेवायची. या शिस्तीची किंमत मला पोथीबाहेर कळली ती आमच्या वेळापत्रकामुळे.

रायगडच्या किनाऱ्यावरील आमच्या महाविद्यालयात बरेच अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. कोणी रोह्याहून एस.टी.ने येते, कोणी मांडव्याच्या बोटीने; पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, म्हणजे सारे गणितच बदलते. गणिताच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक गैरसोयीला दंडाचे गुण दिले आणि एकूण दंड कमीत कमी ठेवणारे वेळापत्रक सॉल्व्हरकडून काढले. एकच फाइल प्रयोगशाळेतल्या आणि कार्यालयातल्या अशा दोन संगणकांवर चालवली. दंड दोन्हीकडे सारखा, वेळापत्रके मात्र दोन! एकात इतिहासाच्या मॅडमचे तास सलग. दुसऱ्यात एक सकाळी, एक थेट दुपारी. तासावर मानधन मिळणाऱ्या व्यक्तीचा मधला वेळ फुकट. त्यांनी शांतपणे विचारले, "सर, यांतले खरे कोणते?"

उत्तर सोपे नव्हते. मुळात समान दंडाची अनेक वेळापत्रके असू शकतात; त्यांतले कोणते हाती येईल हे सॉल्व्हरच्या शोधाच्या क्रमावर ठरते. त्या क्रमात कधी यादृच्छिक अंकाचे बीज असते. 'दहा मिनिटांनी थांब' म्हटले तर वेगवान यंत्र तेवढ्यात अधिक दूर पोहोचते. शिवाय संगणकाची बेरीज आपल्या शाळेतली नव्हे. तो साधारण सोळा अंकांपर्यंतच अचूकता राखतो. एकावर सोळा शून्ये असलेल्या संख्येत १ मिळवून तीच संख्या वजा केली, तर उत्तर ०. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला, तर १. काम अनेक गाभ्यांत वाटले गेले की बेरजेचा क्रम बदलू शकतो, आणि एवढ्याशा फरकाने शोधाला वेगळी वाट फुटते.

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण एका मराठी नावाशी निगडित आहे. आय.आय.टी. मुंबईचे नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना रेषीय नियोजनाची नवी पद्धत मांडली. सिद्धता प्रसिद्ध झाली, ती कोणालाही तपासता येत होती. पण प्रचलित सिम्प्लेक्स पद्धतीहून पन्नास पट वेगाचा जो दावा झाला, त्यामागची आज्ञावली आणि चाचण्यांचे तपशील खुले नव्हते. इतरांना तो वेग पुन्हा मिळवून दाखवता येईना. पुढे १९८६ साली या पद्धतीचे जुन्या 'बॅरियर' पद्धतीशी असलेले नाते दाखवले गेले, अनेकांनी स्वतंत्र आज्ञावल्या लिहिल्या, आणि अशा अंतर्गत-बिंदू पद्धती सॉल्व्हरांच्या नित्य वापरात आल्या. करमरकरांची प्रतिभा वादातीत. पण तळटीपा दडवलेली आवृत्ती आपण साहित्यातही स्वीकारत नाही.

याउलट आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती येथे उभी राहिली. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू होते, म्हणून १८४६ पासूनची नोंदमाला जोडता आली.

आम्ही तेच केले. सॉल्व्हरची आवृत्ती, बीज, गाभ्यांची संख्या, मिनिटांऐवजी पायऱ्यांची मर्यादा, हे सारे टिपणात लिहून वेळापत्रकासोबत फलकावर लावले. दोन्ही यंत्रांवर आता एकच उत्तर येते. एवढ्याने मॅडमचा प्रश्न सुटत नव्हता; चुकीचे उत्तरही नेमाने पुन्हा येऊ शकते. म्हणून रिकाम्या तासांचा दंड वाढवला. त्यांचे तास सलग आले, आणि शनिवारचा शेवटचा तास मराठीच्या वाट्याला आला. कारण टिपणात आहे. मी ते दोनदा तपासून पाहिले.