पेराची साक्ष

कुंडीतून वाफ्यात आणि वाफ्यातून फरशीच्या फटीत सरकत जाणारं, लालसर खोडाचं, मांसल पानांचं रोप दिसलं की 'घोळ' म्हणून मोकळे होणारेच फार. माझ्या मते घोळ आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या चिवळ, लहान नायटी, वसू या टोळीत पानाइतका खोटा साक्षीदार दुसरा नाही. घोळीचं पान कोरड्या मातीत, भर उन्हात बारीक आणि तांबूस होतं. सावलीत, पाण्याकडेला तेच रुंद, हिरवं, लुसलुशीत. पाण्याचा ताण पडला की घोळ कार्बन डायऑक्साइड रात्रीही घेऊन आम्लाच्या रूपात साठवू लागते, म्हणून पहाटे तोडलेलं पान जास्त आंबट लागतं. एवढं रंग बदलणाऱ्या पानावर पैज कशाला लावायची?

पेर बघावं. चिवळीच्या पेरापेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, तिथेच मुळं फुटतात, फूल चार पाकळ्यांचं. लहान नायटी मोडली की दूध येतं. ती भाजीत नको. खरं अडतं ते घोळ आणि वसूपाशी. वसूची पानं जोडीनं, पण जोडीतलं एक मोठं, एक लहान. देठाच्या बुडाशी पातळ पापुद्रा आणि त्यात फूल जवळजवळ दडलेलं. घोळीची पानं बहुधा एकाआड एक, हे खरं. पण कोवळेपणी तीही समोरासमोरच येतात. फळ झाकणासारखं उघडतं ही घोळीची खूण म्हणून सांगतात. वसूचंही तसंच उघडतं! तेव्हा फुलाशिवाय निवाडा नाही: घोळीचं पिवळं, तेही उन्हात काही तासच, वसूचं पांढरट-गुलाबी.

फुलाची वाट पाहिली तर बी सांडेल, हा आक्षेप रास्त आहे. घोळीच्या एका रोपाचं बी हजारोंनी पडतं. पण त्यासाठी एक रोप कुंडीत राखलं की पुरे, बाकीचं खुरपावं. उपटलेली घोळ वाफ्यावर टाकू नये, तुकडाही पुन्हा मूळ धरतो. फोनवरचं ॲप नाव सांगतं, मग एवढा खटाटोप कशाला? ॲपला मी नावं ठेवणार नाही; लोक त्याला वरून टिपलेलं पानच दाखवतात, पेर कोणी दाखवत नाही. अर्थात या तक्रारीत थोडा मत्सर आहे. पेरावरचे केस आता मला भिंगाशिवाय दिसत नाहीत, तरी उभ्याउभ्या नाव सांगून भाव खाण्याची हौस सुटलेली नाही. मात्र चार पानांच्या रोपाला कोणी छातीठोकपणे वसू म्हणालं, तर फूल येईपर्यंत मी त्याच्याशी वाद घालणार.